सगळी बिल्डिंग एकीकडे आणि मी दुसरीकडे, तर पोस्टर लावू का?

प्रश्न (नाव-गाव काढून, थोडक्यात): पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या आहेत. ज्या बिल्डिंगमधे त्या बरीच वर्षं राहतायत तिथे जवळपास सगळे एकाच पक्षाचे. निवडणूक आली की बाल्कन्यांमधे त्या पक्षाचे झेंडे लागतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड येतात, आणि ते मुद्दाम टोचायला टाकतात असं ताईंना वाटतं. ताई दुसऱ्या बाजूच्या आणि आजपर्यंत गप्पच राहिलेल्या. पण ह्या वेळी एका उमेदवाराबद्दल त्यांना मनापासून वाटतंय, थोडं प्रचाराचं कामही केलं, तिथून दारासाठी पोस्टर आणि गाडीसाठी स्टिकर आणला, आणि आता दोन्ही कपाटात पडून आहेत. नवरा म्हणतो मत गुप्त असतं, ते गुप्तच राहू दे. मुलगी बारा वर्षांची, तिच्या सगळ्या मैत्रिणी ह्याच बिल्डिंगमधल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ताईंच्या आजारपणात खूप केलं होतं, त्याही त्याच पक्षाच्या, आणि त्यांच्या नजरेतून उतरायची भीती वाटते. ताई लिहितात, "गप्प बसले की स्वतःचीच लाज वाटते, आणि ह्या लोकांना साधं काही कळत कसं नाही म्हणून रागही येतो. मी भित्री आहे का? पोस्टर लावू की नको?"

उत्तर:

ताई, तुम्ही भित्र्या नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. सगळे एक बोलत असताना आपण वेगळं बोलणं किती जड जातं हे लोकांनी मोजून बघितलंय. 1951 च्या सुमाराला सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला होता. काही जणांना एकत्र बसवून रेषा दाखवायच्या आणि विचारायचं की ह्यातली कुठली रेषा त्या समोरच्या रेषेएवढी आहे, उत्तर इतकं सरळ की चुकायचा प्रश्नच नाही, पण गटातले एक सोडून बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. तर त्या एकट्या पडलेल्या माणसांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटाबरोबर चुकीचं बोलले. समोर रेषा दिसत असताना! आणि तुमचा विषय तर रेषांचा नाहीये, राजकारणाचा आहे, आणि समोर अनोळखी माणसं नाहीत तर ज्यांच्याबरोबर रोज लिफ्टने खालीवर जायचं ती माणसं आहेत. त्यामुळे अवघड वाटतंय ते वाटणारच, त्याची लाज बाळगू नका.

ह्याच प्रयोगातल्या पुढच्या दोन गोष्टी मला तुमच्यासाठी जास्त कामाच्या वाटतात. पहिली, गटात एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा बसवला की त्या एकट्याचं वाहवत जाणं एकदम कमी व्हायचं. आणि दुसरी त्याहून भारी, तो वेगळं बोलणारा माणूस आपल्याशी सहमत नसला, त्याचं उत्तर बाकीच्यांपेक्षाही जास्त चुकलेलं असलं, तरी फरक पडायचा. म्हणजे आपल्याला आपल्याच पक्षाचा जोडीदार लागतो असं काही नाही, इथे वेगळं बोललेलं चालतं एवढं दिसलं तरी जीव मोकळा होतो. हे डोक्यात असू द्या, पुढे ह्यावर येते.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेते, "सगळी बिल्डिंग त्यांची आहे". कशावरून? झेंड्यांवरून आणि ग्रुपवरून. पण झेंडे ज्यांनी लावले त्यांचेच दिसतात ना, ज्यांनी काहीच लावलं नाही ती दारं तुम्ही आपोआप त्यांच्याच खात्यात टाकलीत. तुमचं स्वतःचं दार सुद्धा आज बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसतंय! जर्मनीतल्या एलिझाबेथ नोएले-नॉयमान ह्या अभ्यासक बाईंनी 1974 मधे हेच मांडलं होतं, की ज्यांना आपण अल्पमतात आहोत असं वाटतं ते गप्प होतात, ते गप्प झाले की दुसरी बाजू आहे त्याहून मोठी दिसते, आणि मग अजून काही जण गप्प होतात. त्या लोकांना विचारायच्या की समजा पाच तासांचा रेल्वेचा प्रवास आहे आणि डब्यात समोरचा माणूस अमुक मताचा आहे, तर तुम्ही त्याच्याशी त्या विषयावर बोलाल का. तुमची बिल्डिंग म्हणजे तो डबाच झालाय, फक्त पाच तासांत स्टेशन येत नाही. मी असं म्हणत नाही की निम्मे लोक गुपचूप तुमच्या बाजूचे असतील, कदाचित खरंच तुम्ही अगदी मोजके असाल, पण 'मोजके' आणि 'मी एकटी' ह्यात फार फरक आहे, आणि तो तुम्ही अजून तपासलेला नाही.

आणि त्या फॉरवर्ड करणाऱ्यांबद्दलही थोडं. तुम्हाला वाटतं ते मुद्दाम टोचायला टाकतात. एखादा तसा असेलही. पण बहुतेकांना तुम्ही तिथे आहात हेच माहीत नसावं. 1977 मधे स्टॅनफर्डच्या ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अंगावर एक मोठी पाटी अडकवून अर्धा तास कॅम्पसमधे फिरशील का. जे हो म्हणाले त्यांना वाटलं बहुतेक लोक हो म्हणतील, जे नाही म्हणाले त्यांना वाटलं बहुतेक लोक नाहीच म्हणतील. प्रत्येकाला जग आपल्यासारखंच वाटतं. मग जो माणूस ग्रुपवर बिनधास्त टाकतोय त्याला मनापासून वाटत असणार की इथे सगळे आपलेच आहेत, आणि इतकी वर्षं कोणीच काही बोललं नाही म्हटल्यावर त्याचा तो समज चुकीचा कसा ठरवायचा? ह्यात तुमचा दोष काढत नाहीये मी. फक्त एवढंच की त्यांना तुम्ही नकोशा आहात असा पुरावा अजून तुमच्याकडे नाही, कारण त्यांना तुम्ही ह्या बाबतीत माहीतच नाही.

नवऱ्याचं म्हणणं. मत गुप्त असतं हे खरंच आहे आणि ती साधी गोष्ट नाही. एकेकाळी लोकांना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून मत द्यावं लागायचं, जमीनदार आणि मालक तिथेच उभे राहून ऐकायचे आणि मनासारखं झालं नाही तर घर, काम काढून घ्यायचे. सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदान 1856 मधे ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींमधे सुरू झालं, ब्रिटनमधे 1872 ला आलं, आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही गुप्त मतदान लिहिलेलं आहे. पण हे सगळं कशासाठी? कोणी जबरदस्ती करू नये म्हणून. ते तुमच्या हातात दिलेलं संरक्षण आहे, वापरायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. ते तुमच्या तोंडावर लावलेलं कुलूप नाही. त्याच जाहीरनाम्यात मत बाळगायचा आणि ते मांडायचा हक्क पण आहे ना. त्यामुळे तुम्ही काहीही न लावता मतदान करून आलात तर तुम्ही पूर्ण नागरिक आहात, कुणाचं काही देणं लागत नाही. आणि लावलंत तरी काही नियम मोडत नाही.

पण मला वाटतं तुमच्या नवऱ्याची भीती मताच्या गुप्ततेबद्दल नाहीच आहे. त्यांना नेमकं काय होईल असं वाटतंय ते विचारलंत का? गाडीला कोणी ओरखडा मारेल? मुलीला खेळायला घेणार नाहीत? पार्किंगवरून, पाण्यावरून मुद्दाम त्रास देतील? की त्यांना स्वतःलाच ती लिफ्टमधली शांतता नको आहे? प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. 'नको गं बाई कशाला' ह्याला मात्र काहीच उत्तर देता येत नाही, मग भांडण होतं. आणि एक स्पष्ट सांगते, दार तुमच्या एकटीचं नाहीये. दारावरचं पोस्टर बघणारा असंच समजणार की आतले सगळे ह्याच बाजूचे, त्यात नवरा आला, मुलगी पण आली. तुमच्या बॅगेवरचा बिल्ला तुमचा, तुम्ही एकटीच चालवत असाल तर गाडी तुमची, तुमच्या फोनवरून गेलेला मेसेज तुमचा. दारासाठी घरातल्या मोठ्या माणसाचा होकार हवा, आणि तो मिळाला नाही तर दार सोडून द्या, ह्यात तुम्ही हरलात असं काही नाही.

आता जे वाक्य वाचून मी थोडी थांबले ते. "ह्या लोकांना साधं काही कळत कसं नाही." ताई, ते पोस्टर नेमकं कुणासाठी आहे? तुमच्या उमेदवारासाठी, की शेजाऱ्यांना दाखवून द्यायला की बघा मी तुमच्यातली नाही? दोन्ही असू शकतं, माणूस आहोत. पण पोस्टरमागे चीड असेल ना, तर ती पुढच्या प्रत्येक बोलण्यात उतरते. काकूंनी नुसतं "अगं हे काय गं" विचारलं तरी तुमचा आवाज चढेल. आणि काकूंनाही काही कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का? ज्या बाईने तुमच्या आजारपणात घरात येऊन इतकं केलं तिला त्या पक्षात काहीतरी दिसतंय म्हणून ती तिकडे आहे. काय दिसतंय ते तुम्ही कधी विचारलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. पटणार नाही कदाचित, पण ऐका तरी.

पोस्टरने मतं बदलतात का? फार नाही. अमेरिकेत घरासमोर लावायच्या प्रचाराच्या पाट्यांवर प्रत्यक्ष निवडणुकांमधे प्रयोग झाले, 2016 मधे ते छापून आले, आणि फरक निघाला तो सरासरी दोन टक्क्यांच्याही आत, तो सुद्धा ढिगाने पाट्या लावून. म्हणजे तुमच्या एका दाराने निकाल फिरणार नाही. त्यामानाने समोरासमोर बोलण्याचा परिणाम टिकतो. त्याच वर्षी डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला ह्या दोघांचा मायामीमधला प्रयोग आला होता, स्वयंसेवक दारोदार जाऊन साधारण दहा मिनिटं बोलायचे, विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या मतांचा होता, वाद घालायचा नाही, समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव आठवायला लावायचा आणि ऐकायचं, तर तीन महिन्यांनंतरही फरक टिकलेला दिसला. तो विषय वेगळा होता आणि पक्षाचं मत त्याहून चिवट असतं हे मान्यच, पण दिशा कळते ना.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं, की पोस्टरच्या आधी तोंडाने सांगा. आज तुम्ही एकदम दारावर पोस्टर लावलंत तर सगळ्यांना ते एकाच वेळी कळेल, तुमच्याकडून नाही तर कागदाकडून कळेल, आणि मग लिफ्टमधे, ग्रुपवर, जिन्यात ते आपापसात ठरवतील की ह्याचा अर्थ काय. तेच आधी दोन-चार जणांना तुमच्या तोंडून कळलं असेल तर पोस्टर ही बातमी राहत नाही.

सुरुवात काकूंपासून करा. त्यांच्याच घरी, दोघीच असताना. भाषण नको. "काकू, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते, मी ह्या वेळी अमक्याचं काम करतेय. तुमचं वेगळं आहे मला माहितीये. आपल्यात त्यामुळे काही बदलू नये असं मला फार वाटतं म्हणून सांगायला आले." एवढंच. मग गप्प बसून त्या काय म्हणतात ते ऐका. कदाचित थोडं खट्टू होतील, कदाचित म्हणतील मला वाटलंच होतं. एखाद वेळेस खरंच दुरावतील, ही शक्यता मी लपवणार नाही, काही नाती ह्या पायी थंड पडतात. पण तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगितल्यावरही जी बाई तुम्हाला टाकेल तिने पोस्टर बघून तर टाकलंच असतं, आणि जी फक्त पोस्टर बघून दुखावली असती ती सांगितल्यामुळे दुखावणार नाही.

दुसरा माणूस शोधा तो ग्रुपवर कधीच काही न टाकणारा. तो तुमच्या पक्षाचा असेलच असं नाही, तसं विचारूही नका, कुणाला त्याचं मत विचारून अडचणीत टाकणं बरं नाही. फक्त आपलं सांगा. मघाशी म्हटलं ना, सहमत नसलेला पण वेगळेपण चालवून घेणारा एक माणूस सुद्धा पुरतो. आणि तुम्ही बोललात की तुम्हीच दुसऱ्या कुणासाठी तो माणूस होता, हे तुम्हाला कदाचित कळणारही नाही.

ग्रुपवर मात्र प्रचार टाकू नका. जर ग्रुप पाणी आणि लिफ्टच्या कामासाठी असेल तर शांतपणे एकदा लिहा की "आपला ग्रुप बिल्डिंगच्या कामापुरता ठेवूया का, माझं स्वतःचं मत वेगळं आहे आणि मी पण इथे काही टाकणार नाही". हे वाक्य नीट बघा, ह्यात तुम्ही मत लपवलंही नाही आणि वाद सुरूही केला नाही. उत्तरात कोणी टोमणा मारला तर तिथे उत्तर देऊ नका. दारावरचा कागद काढता येतो, स्क्रीनशॉट काढून टाकता येत नाही, रागाच्या भरात लिहिलेल्या दोन ओळी पुढची निवडणूक येईपर्यंत फिरतात.

मुलीशी बोला, आणि लावायच्या आधी बोला, नंतर नाही. बारा वर्षांच्या मुलीला बरंच कळतं. हे आईचं मत आहे, बाबांचं त्यांचं त्यांच्यापाशी, तुझं तू मोठी झालीस की ठरव, असं सांगा. मैत्रिणींनी विचारलं तर "ते आईला विचार, चल खेळूया" एवढं तिने म्हटलं तरी खूप झालं, तुमची बाजू लढवायचं काम तिच्यावर येता कामा नये. कोणी तिला त्रास दिला तर तुम्हाला लगेच सांगायचं, आणि तिने सांगितलं तर त्या मुलीच्या आईशी तुम्ही बोलायचं, पक्षाबद्दल नाही तर मुलींबद्दल. ती घाबरून नको म्हणाली तर मी असते तर दार सोडून दिलं असतं. तिला आपलं वेगळं जग नाही, तेच अंगण आहे.

काही गोष्टी आधी तपासा, तुम्ही आणि तुमच्यासारखे जे कोणी वाचत असतील तेही. सरकारी नोकरी, न्यायालय, पोलीस, सैन्य, निवडणुकीचं काम ह्यात असाल तर बऱ्याच देशांत उघड प्रचारावर बंदी किंवा कडक नियम असतात, खाजगी कंपन्यांचेही कामाच्या जागेपुरते नियम असतात. भाड्याच्या घरात करारात काय लिहिलंय बघा. बिल्डिंगचे नियम बघा, झेंडे चालतात तर पोस्टरही चालायलाच हवं, नियम दोघांना सारखा, पण तो मुद्दा भांडताना नाही तर आधी शांतपणे विचारून घ्यायचा. मतदानाच्या दिवशी आणि त्याच्या आसपास प्रचाराच्या वस्तूंवर काय बंधनं आहेत तेही.

धमकी वेगळी आणि नापसंती वेगळी. कोणी तोंड फिरवलं, नमस्कार केला नाही, हे सहन करायची तयारी ठेवूनच पुढे जायचं. पण कोणी बघून घेऊ म्हटलं, गाडीला काही केलं, घरातल्या माणसांचा उल्लेख करून काही बोललं, तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, एकटीने जाऊन जाब विचारू नका, पोलिसांत आणि निवडणुकीच्या यंत्रणेकडे तक्रार करा. जिथे मत दाखवल्यामुळे मारहाण होते अशी जागा असेल तर माझा सल्ला पूर्ण उलटा आहे, काही लावू नका, गुप्त मतदान त्यासाठीच आहे, काम दुसऱ्या भागात जाऊन करा.

आणि एकदा ठरलं की वागण्यात सातत्य ठेवा. सर्ज मोस्कोविसी ह्यांनी 1969 मधे प्रयोग केला होता, सहा जणांच्या गटात दोघे जण निळ्या रंगाला हिरवा म्हणायचे. ते दोघे दर वेळी ठामपणे तेच म्हणाले तेव्हा बाकीच्यांची साधारण आठ टक्के उत्तरं त्यांच्याकडे झुकली, कधी हे कधी ते म्हणाले तेव्हा जेमतेम एक टक्का. थोडे लोक काही बदलू शकतात ते असे, ओरडून नाही. म्हणून कुणी विचारलं तर सांगायला एकच छोटं कारण तयार ठेवा, तुमच्या उमेदवाराने केलेलं किंवा करू म्हटलेलं एखादं काम, जे तुम्हाला स्वतःला लागू पडतं. दुसऱ्या पक्षाला शिव्या हे कारण नाही. पटलं नाही त्यांचं तर "बरं, आपलं ह्यात जुळत नाही" म्हणून विषय बदलायची मुभा तुम्हालाही आहे.

माझं मत विचाराल तर ह्या क्रमाने जा. आधी नवरा आणि मुलगी, मग काकू, मग तो गप्प माणूस. त्यानंतर गाडीचा स्टिकर लावा, आणि आठ-दहा दिवस बघा कसं वाटतंय, लोक कसे वागतायत, तुम्हाला हलकं वाटतंय की सतत मागे वळून बघताय. तोपर्यंत दाराचं आपोआप ठरेल, कदाचित तुम्हाला पोस्टरची गरजच वाटणार नाही, कदाचित नवराच म्हणेल लाव आता. स्टिकरपाशी थांबावंसं वाटलं तर तिथेच थांबा.

निकालानंतर दुसऱ्याच दिवशी जे काही लावलं असेल ते काढा, जिंकलात तरी आणि हरलात तरी, आणि त्या आठवड्यात काकूंकडे एकदा जाऊन या, निवडणुकीचा विषय त्यांनी काढला तरच काढायचा.